थंडीत उठायला वेळ लागतो : कुत्र्यांच्या सांधेदुखीवर वाचकांचे प्रश्न

निफाडचा पारा उतरायला लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लंगडणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढते. थंडीमुळे सांधे झिजत नाहीत. आधीपासून असलेलं दुखणं थंडीत उघडं पडतं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर ९ वर्षांचा, वजन ३८ किलो. सकाळी उठताना पुढचे पाय टेकवतो, थांबतो, मग मागचा भाग ओढून वर घेतो. चार पावलं टाकली की नीट चालतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हल्ली तो जिन्यात मध्येच बसतो. पण कधी विव्हळत नाही, जेवतोही व्यवस्थित. सासूबाई म्हणतात, वय झालंय. डॉक्टरांकडे न्यायला हवं का?
— इंदिरानगर

न्यायला हवं, आणि याच आठवड्यात. उठताना आखडणं आणि चार पावलांनी मोकळं होणं ही सांधेझिजेची अगदी ओळखीची खूण आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजलं की सांध्याच्या आवरणाला सूज येते, आतलं वंगण पातळ होतं आणि जरा वेळ पडून राहिलं तरी सांधा धरतो. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा गोळा खोबणीत नीट न बसण्याचा दोष आनुवंशिक असतो, त्यामुळे त्यांच्यात ही झीज लवकर सुरू होते.

विव्हळत नाही यावर विसंबू नका. जुन्या दुखण्याला कुत्रं आवाज करत नाही, हालचाल कमी करतं. घरच्यांना ते शहाणपण वाटतं, ‘हल्ली शांत झालाय’ म्हणतात, आणि दुखण्याची दोन वर्षं अशीच निघून जातात. तो उभा असताना मागे बसा आणि दोन्ही मांड्या दोन्ही हातांत धरून पाहा. ज्या पायावर तो भार टाळतो ती मांडी हाताला बारीक लागेल. मागच्या पायांची नखं पुढून घासलेली आहेत का, एकच जागा सतत चाटून तिथले केस तांबूस झालेत का, तेही बघा. दवाखान्यात कुत्रं घाबरून नीट चालतं, म्हणून सकाळी उठतानाचा, जिना चढतानाचा आणि मागून चालतानाचा असे २०-३० सेकंदांचे व्हिडिओ काढून न्या. खुब्याचा एक्स-रे गुंगी देऊन, पाय सरळ ताणून काढला तरच उपयोगाचा. आणि फिल्मवर दिसणारी झीज व प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ दरवेळी बसत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला चालवून पाहायलाच हवं.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र ३८ हा आहे. बहुतेक लॅब्रॅडॉरना ३० किलोच्या आसपासचं वजन पुरतं. नेमकं किती हवं ते बरगड्यांवरून कळतं. स्वतःचा हात पालथा पसरून बोटांमागच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर वजन ठीक. अंगठ्याखालच्या गादीसारखं मऊ लागलं तर चरबी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर आयुष्यभर पाहिले गेले. निम्म्यांना आपल्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळत होतं. ते जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांच्यावर सांधेदुखीचे उपचार करायची वेळही उशिरा आली. इतकं साधणारी गोळी आमच्या माहितीत नाही.

हिशेब असा. वजन उतरवताना ३० किलोच्या लक्ष्यासाठी दिवसाला साधारण ९०० कॅलरी धरतात. एका पोळीत सुमारे १०० कॅलरी, छोटा चमचाभर तुपात ४५, ग्लुकोजच्या एका बिस्किटात २५. घरात चार माणसं आणि प्रत्येकाच्या ताटातली एक पोळी त्याला, म्हणजे जवळपास निम्मा कोटा तिथेच संपला. वर त्याचं स्वतःचं जेवण. सकाळीच दिवसभराचं खाणं एका डब्यात मोजून ठेवा आणि ज्याला काही द्यायचंय त्याने त्या डब्यातूनच द्यावं. भूक भागवायला उकडलेली दुधी, गाजर, फरसबी चालते. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे ४०० ते ७०० ग्रॅम उतरावेत. त्याहून वेगाने उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा. पाच-सहा महिने लागतील, पण चालण्यातला फरक दोन-तीन किलो उतरले की दिसू लागतो.

फिरणं बंद करू नका, वाटून द्या : पट्टा लावून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट रस्त्यावर. आठवडाभर घरात आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, हा प्रकार सांध्यांना सगळ्यात वाईट. चेंडू फेकून पळवणंही थांबवा. नुकसान त्या अचानक थांबण्या-वळण्यात होतं. जिन्यात पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे, जाड टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा आणि कंबरेचा भार स्वतः घ्या. उतरताना धीर धरा. उतरताना भार पुढच्या पायांवर येतो, आणि मागचे दुखरे म्हणून पुढचे आधीच थकलेले असतात.

प्रश्न : स्पिट्झ आहे, १२ किलोची. खूप लंगडत होती म्हणून घरातली आयबुप्रोफेनची ४०० ची गोळी अर्धी-अर्धी दोन दिवस दिली. बरी वाटली, पण आज दोनदा उलटी झाली. आता दुसरी कोणती गोळी द्यावी?
— नाशिकरोड

कोणतीही देऊ नका. हे वाचायच्या आधीच तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं असेल अशी मनापासून आशा आहे. २०० मिलिग्रॅम म्हणजे तिच्या वजनाला किलोमागे जवळजवळ १७ मिलिग्रॅम. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या शरीरातून माणसापेक्षा सावकाश बाहेर पडतं, आणि जठराचं अस्तर व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी द्रव्यंच ते रोखतं. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण, डांबरासारखी काळी चिकट शी, फिक्या हिरड्या, एकाएकी वाढलेली तहान, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. किती गोळी, किती वाजता, किती वेळा, हे कागदावर लिहून न्या. ओरडतील म्हणून लपवू नका. उपचार त्या माहितीवरच ठरतात.

कुत्र्यांसाठी चालणारी वेदनाशामकं आहेत : मेलॉक्सिकाम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब. पण प्रमाण बघा. मेलॉक्सिकाम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम असं देतात. तुमच्या कुत्रीला रोजचे १.२ मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे सहापट किंवा बारापट. तिचे हातांनी बारीक तुकडे करून नेमका डोस जमत नाही. म्हणून मापाची पिचकारी असलेलं कुत्र्यांचं पातळ औषध घ्या, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर आणि जेवणाबरोबर. सुरू करण्याआधी मूत्रपिंड व यकृताची रक्ततपासणी, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि लांबणार असेल तर दर सहा महिन्यांनी. एक वेदनाशामक बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये साधारण पाच-सात दिवस मोकळे सोडतात. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकाच वेळी कधीही नको, जठराला भोक पडण्याची वेळ त्यातूनच येते. ‘एक इंजेक्शन दिलं आणि पळायला लागला’ अशी पत्रं येतात, त्यातली बरीच इंजेक्शनं स्टेरॉइडची असतात. पूर्वीच्या दवाखान्यातला कागद नव्या डॉक्टरांना दाखवा, एवढंच कळकळीने सांगणं आहे.

डायक्लोफिनॅक तर घरात असलं तरी कुत्र्याला नकोच. जनावरांसाठी ते आपल्याकडे २००६ साली बंद झालं, कारण हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. अंजनेरीच्या कड्यांवर आज जी घरटी उरली आहेत त्यांची किंमत नाशिककरांना वेगळी सांगायला नको. एसेक्लोफिनॅकचं गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं; त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली.

प्रश्न : नवीन फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स आहेत. जुन्या वाड्यात शहाबादी फरशीवर आमची म्हातारी कुत्री बरी चालायची, इथे मागचे पाय फाकतात.
— पंचवटी

फरशीच बदलली, दुसरं काही नाही. पाय फाकला की मांडीच्या आतला स्नायू ताणला जातो, आणि एकदा पडलेलं कुत्रं पुढच्या वेळी घाबरून अंग ताठ करतं, म्हणून आणखी घसरतं. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी वाट आखा आणि तेवढ्यावरच सतरंजीच्या किंवा तागाच्या पट्ट्या टाका. खाली जाळीदार रबर घाला, नाहीतर पट्टीच घसरेल. पट्ट्यांमध्ये फट ठेवू नका, कुत्री नेमकी फटीतच अडेल. तळव्यांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला कापा. फरशीवर नखांचा टकटक आवाज येत असेल तर नखं वाढली आहेत. उभं राहताना वाढलेली नखं बोटांना मागे लोटतात आणि गादी जमिनीला नीट टेकत नाही.

गोणपाटाच्या एका थरावर म्हातारं कुत्रं झोपवू नका. कोपर दाबल्यावर खालची फरशी लागणार नाही इतकी जाड गादी किंवा चारपदरी गोधडी हवी. तीही जमिनीलगत, खाटेवरून उडी मारायला लागू नये.

प्रश्न : बागेवरचा गावठी कुत्रा, ४ वर्षांचा. परवा पुढचा डावा पाय उचलून धरत होता, काल मागचा उजवा. अंग गरम, खात नाही. गोचीड भरपूर आहेत. पायाला मार लागला असेल का?
— दिंडोरी तालुका

पाय बदलतोय, अंग तापलंय, गोचीड आहेत : ही सांधेझीज नव्हे, मारही नसावा. गोचीडतापाचा संशय आधी घ्यायचा. गोचिडातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात जातात आणि एकाच वेळी अनेक सांध्यांना सूज येऊ शकते. रक्ताची पूर्ण तपासणी करून प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, किती ते बघा. काही दवाखान्यांत लगेच निकाल देणारं किटही असतं. निदान पक्कं झालं की साधारणपणे डॉक्सिसायक्लिन किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा उठून पळायला लागतो आणि बहुतेक जण तिथेच गोळ्या थांबवतात. तसं करू नका, ताप उलटतो. गोळी भाकरीत घालून द्या आणि मागोमाग पाणी पाजा, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. दुधाबरोबर नको. प्लेटलेट उतरलेल्या असताना वेदनाशामक आपल्या मनाने दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो.

कुत्र्यावरच्या गोचिडी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत शोधा, शेडच्या भिंतींच्या फटीही सोडू नका. ही गोचीड भिंतीवर वर चढून फटीत अंडी घालते, त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून पंधरा दिवसांत पुन्हा तेवढीच.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्त्यावरून सांगावंसं वाटतं : खुडणीच्या दिवसांत त्याला द्राक्षांचे गळालेले मणी किंवा बेदाणे खाऊ देऊ नका. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेच पुरतात. कोणाला किती, हे आधी कळत नाही. खाल्लेले दिसले तर उलटीची वाट न पाहता दोन तासांच्या आत दवाखाना गाठा.

प्रश्न : हळद, माशाच्या तेलाची कॅप्सूल, ग्लुकोसामाइन, मोहरीच्या तेलाची मालिश : यातलं नक्की काय करावं? कुत्री ३० किलोची आहे.
— सातपूर

या चारांत माशाच्या तेलामागे सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि तेच लोक सगळ्यात कमी देतात. त्यातली ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं मिळून किलोमागे रोज १०० मिलिग्रॅमच्या जवळपास लागतात. तुमच्या कुत्रीला ३,००० मिलिग्रॅम. १,००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये हे दोन्ही मिळून बहुधा ३०० च असतात, म्हणजे रोज दहा कॅप्सूल. एक कॅप्सूल देऊन ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांचं चुकतं ते इथे. जास्त तीव्रतेचं तेल घ्या, लेबलावरचे हे दोन आकडे वाचा, एका कॅप्सूलपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. एकदम दिलं तर जुलाब होतात. तेलाच्या कॅलरी तिच्या जेवणातून वजा करा. कॉड लिव्हर ऑइल मात्र या मात्रेत नको, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व अंगात साठतं.

ग्लुकोसामाइनचा पुरावा कमजोर आहे. द्यायचंच तर आठ आठवडे द्या, जिना चढतानाचा आधीचा-नंतरचा व्हिडिओ जुळवून पाहा, फरक नसेल तर बंद करा. माणसांच्या गोळीत इतर औषधं मिसळलेली नाहीत ना, आणि चघळायच्या प्रकारात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ नाही ना, एवढं पाहा. झायलिटॉल कुत्र्यासाठी विष आहे. जेवणातल्या चिमूटभर हळदीने बिघडत नाही, पण तेवढ्याने सांध्याला काही मिळतही नाही.

तेल ती चाटणार, आणि वेदनाशामक बाम तर लावूच नका. त्यातलं विंटरग्रीनचं तेल आणि कापूर पोटात जातो. त्यापेक्षा शेक द्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून बघा, मग खुब्यावर किंवा गुडघ्यावर १०-१५ मिनिटं, फिरायला नेण्याआधी. शेकताना सांधा दाबू नका, मांडीचा स्नायू तळहाताने हलकेच चोळा. सांधा नुकताच सुजून गरम झाला असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक नको. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तिने मान वळवून तुमच्या हाताकडे पाहिलं किंवा ओठ चाटले, तर तिथे दुखतंय. हात उचला आणि ती नेमकी जागा डॉक्टरांना दाखवा.