वळूस्वारीची ओढ

प्रश्न : अमेरिकेतील व्यावसायिक वळूस्वारीत जिवाचा धोका असूनही तरुण तिकडे का वळतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्वाराने वळूच्या अंगाभोवती बांधलेला दोर एका हाताने धरून, दुसरा हात कशालाही न लावता उसळत्या वळूच्या पाठीवर ८ सेकंद टिकायचे असते, १०० पैकी निम्मे गुण वळूच्या उसळण्याला असल्यामुळे अवघड वळूच वाट्याला यावा असे त्याला वाटते, आणि खरी ओढ इथेच आहे. घट्ट पकडीसाठी दोराला राळ चोळतात; पडताना हात त्यातच अडकला, तर स्वार फरफटतो. १९८९ साली अमेरिकेतल्या शायेन शहरात वळूस्वार लेन फ्रॉस्ट ८ सेकंद पूर्ण करून उतरला, तरी वळूने पाठीत शिंग मारल्याने २५ व्या वर्षी दगावला. त्यानंतर त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने संरक्षक जाकीट तयार केले. मात्र २०१९ साली डेन्व्हरमध्ये ते अंगात असूनही, वळूचा पाय छातीवर पडून मेसन लो हा स्वार गेला, हे विसरता येत नाही.