पहिला क्लेम लिहिण्याआधी

पेटंटचा मसुदा लिहायला बसलात की प्रथम यंत्राचे वर्णन बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा की कोणता भाग काढला तर शोधच उरत नाही. घडीच्या शिडीचे उदाहरण घ्या. बिजागरीतली खिट्टी स्प्रिंगच्या दाबाने खाचेत बसते, म्हणून शिडी आपोआप मिटत नाही. नवशिक्या पहिल्याच क्लेममध्ये, म्हणजे संरक्षणाची हद्द ठरवणाऱ्या वाक्यात, ‘चार बोल्टनी बसवलेली पोलादी खिट्टी’ असे लिहून मोकळा होतो. मग प्रतिस्पर्धी तीच खिट्टी वेल्डिंगने बसवतो आणि क्लेमच्या शब्दांबाहेर राहण्याचा मार्ग त्याला आपणच दिलेला असतो. बोल्ट आणि पोलाद यांना अवलंबी क्लेममध्ये, म्हणजे आधीच्या क्लेमचा आधार घेऊन त्यात जादा तपशील घालणाऱ्या क्लेममध्ये, जागा द्या.

सुटे भाग मोजून क्लेम होत नाही. खिट्टी कशात सरकते, तिला कोण ढकलते आणि ती कुठे अडकते, हे परस्परसंबंध लिहिले तरच यंत्रणा उभी राहते. ‘ती तरफ’ म्हणण्यापूर्वी ‘एक तरफ’ आलेली असलीच पाहिजे, आणि भागाचे नाव शेवटपर्यंत एकच ठेवावे.

मात्र व्यापक लिहिण्याच्या भरात वर्णनाचा आधार सोडू नका, कारण 1970 च्या भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 10 नुसार क्लेम स्पष्ट, संक्षिप्त आणि विनिर्देशात (अर्जातल्या शोधाच्या लेखी वर्णनात) उघड केलेल्या मजकुरावर आधारलेले असावे लागतात. कलम 59 मुळे नंतरच्या दुरुस्तीत मूळ व्याप्ती वाढवता येत नाही. म्हणूनच स्प्रिंगऐवजी रबराचा तुकडा चालत असेल, तर तो पर्याय अर्ज दाखल करतानाच वर्णनात लिहून ठेवा.