आधी कातडी, मग मेंदू

प्रिय,

तुझी मेल मिळाली. डोक्यावर प्रकाश टाकून मेंदूतलं रक्त मोजण्याच्या तुझ्या प्रयोगात, मनातल्या मनात गणित सोडवताना ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचा आलेख कसा झपकन वर जातो, ते पाहून रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिलं आहेस. आलेख पाहून माझीही झोप उडाली, पण काळजीनं. तो जरा जास्तच देखणा आहे.

तुझ्या प्रकाशाची वाट एकदा डोळ्यांपुढे आण. साधारण 650 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात, म्हणून तर तो आत शिरतो. पण मिलिमीटरभर गेला की विखुरण्यामुळे मूळ दिशाच विसरतो. तीन सेंटिमीटरवरच्या डिटेक्टरपर्यंत जो पोचतो, तो केळ्यासारख्या वाकड्या वाटेनं: कातडी, कवटी, मेंदूचा वरचा थर, पुन्हा कवटी, पुन्हा कातडी. मेंदूला जेमतेम शिवून आलेला हा प्रकाश कातडीतून मात्र दोनदा गेलाय. अवघड बेरीज करताना छाती धडधडली, रक्तदाब वाढला, तर कपाळातलं रक्तही वाढणारच की!

शिवाय मेंदूतला रक्तपुरवठा आळशी असतो. काम सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी तो शिखरावर येतो. तुझा आलेख दुसऱ्याच सेकंदाला शिखरावर. आणि पाच सेकंद गणित, पाच सेकंद विश्रांती ही आखणी कुणी सुचवली? रक्तदाबाची नैसर्गिक लाटही साधारण दर दहा सेकंदांनी येते. दोघींची गाठ पडली की कितीही सरासरी काढ, लाट जात नाही. विश्रांतीचा काळ लांबव आणि कमीजास्त ठेव. प्रकाश सोडणाऱ्या सोर्सपासून आठ मिलिमीटरवर आणखी एक डिटेक्टर लाव. त्याला फक्त कातडी दिसते, तेवढी वजा कर. माझ्या पहिल्या वर्षाचा अख्खा निकाल या वजाबाकीत विरघळला होता. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

पण नॉइज, म्हणजे सिग्नलमधली नको असलेली गडबड, दिसला की लगेच फिल्टर लावून मोकळं होऊ नकोस. जपानी अभियंते ताकुओ आओयागी प्रकाश आणि रंगद्रव्य वापरून हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते मोजत होते. नाडीचे ठोके त्यांचा आलेख बिघडवत. ते घालवण्याच्या खटपटीतच त्यांना उमगलं, की त्या ठोक्यांत धमनीतल्या ऑक्सिजनची मोजणी दडली आहे. 1974 सालचा पल्स ऑक्सिमीटर असा जन्मला. तुझ्या कच्च्या सिग्नलमध्ये नाडी स्पष्ट दिसते का, ते रोज आधी बघ. दिसत नसेल तर ऑप्टोड, म्हणजे डोक्याला टेकवलेला सोर्स किंवा डिटेक्टर, नीट बसलेला नाही, पुढचं विश्लेषण व्यर्थ.

आणखी एक. दाट काळ्या केसांच्या लोकांना ‘सिग्नल खराब’ म्हणून वगळलंस, हे मला पटलं नाही. केसांतलं काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, प्रकाश शोषतं हे खरं, पण म्हणून केस बाजूला सारायला अर्धा तास द्यायचा, माणसाला घरी पाठवायचं नाही. 2020 साली अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की पल्स ऑक्सिमीटरनं न पकडलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळली. उपकरण कुणावर पारखलं, याची किंमत पुढे खाटेवरचा रुग्ण मोजतो.

पुढच्या वेळी आलेख नको. कच्चा डेटा पाठव, वगळलेल्यांचाही. आणि त्या दिवशी खोलीतले दिवे चालू होते का, तेही कळव.