युरोपियन संस्कृती, राजकारण आणि सिनेमा शिकायला जर्मनीला जावं का? तिथे नेमकं काय शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की राज्यशास्त्रात बीए झालंय, सिनेमाचं वेड आहे, आणि घरचे म्हणतात, "सिनेमे बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" घरच्यांचं काही चुकत नाही. मी बर्लिनला हेच शिकले, तेव्हा जमेल तेवढं सांगते.

पहिली गोष्ट, ही फिल्म स्कूल नव्हे. हातात कॅमेरा कुणी देत नाही. दिग्दर्शन करायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय आहे, तिकडे पोट्सडामची फिल्म युनिव्हर्सिटी आहे. ती वाट वेगळी, प्रवेश परीक्षा वेगळी. आमच्याकडे सिनेमा बघायचा तो कागदपत्रासारखा. पैसे कुणी घातले, परवानगी कुणी दिली, पडद्यावरून उतरवला कुणी, या चौकशीतच निम्मं सत्र जातं.

एकच उदाहरण जरा सविस्तर देते, म्हणजे अंदाज येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत ताब्यातल्या जर्मनीत 1946 साली 'डेफा' ही फिल्म कंपनी निघाली. पुढे पूर्व जर्मनीतला सिनेमा म्हणजे डेफाच, आणि डेफा सरकारची. तिथे फ्रांक बायर या दिग्दर्शकाने 1966 मध्ये 'श्पुअर डेअर श्टाइने' (म्हणजे 'दगडांचा माग') केला. एका मोठ्या बांधकामाच्या साइटवरची गोष्ट. बाल्ला नावाचा सुतारांचा मुकादम आणि त्याची टोळी. सुतारांचा परंपरागत काळा पोशाख, रुंद हॅट, आणि चालणं असं की ही माणसं थेट काउबॉयच्या वेस्टर्न सिनेमातून उतरलीत. गावच्या तळ्यात कपडे काढून उड्या मारतात, हटकायला आलेल्या पोलिसालाही आत ओढतात. साइटवर पक्षाचा नवा सेक्रेटरी येतो, एक तरुण इंजिनिअर बाई येते, आणि बाल्ला व सेक्रेटरी दोघंही तिच्यात गुंततात.

सेमिनारमध्ये हमखास प्रश्न निघतो: सरकारला यात झोंबलं काय? पहिलं उत्तर अर्थातच तळ्याचं येतं. पण नीट बघितलं की लक्षात येतं, सगळी गोष्ट पक्षाच्या चौकशी समितीपुढे उलगडते. सेक्रेटरी विवाहित आहे, त्या बाईला त्याच्यापासून दिवस जातात, आणि हा भला माणूस पक्षाच्या भीतीने गप्प राहतो. म्हणजे पक्षच माणसाला खोटं बोलायला लावतो. हे पोलीस भिजवण्यापेक्षा कितीतरी महागात पडणारं होतं.

आता तारखा बघा. डिसेंबर 1965 मध्ये सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीची अकरावी बैठक झाली. विषय होता अर्थव्यवस्था, पण सगळा राग निघाला लेखक-कलावंतांवर, आणि डेफाचे त्या वर्षीचे बहुतेक महत्त्वाचे सिनेमे कपाटात गेले. बायरचा सिनेमा त्यातून कसाबसा वाचून जून 1966 मध्ये लागला. बर्लिनच्या 'किनो इंटरनॅशनल' थिएटरमध्ये आरडाओरडा करायला माणसं पेरलेली होती. काही दिवसांत सिनेमा उतरवला, तो पुन्हा दिसला नोव्हेंबर 1989 मध्ये, बर्लिनची भिंत पडल्यावर. बायरला मधली काही वर्षं नाटकं करावी लागली.

इथे आपल्याला वाटतं, पूर्वेकडे दडपशाही आणि पश्चिमेकडे मोकळीक. मग प्राध्यापक तुमच्यापुढे वोल्फगांग श्टाउडं यांचा 'डेअर उंटरटान' (म्हणजे 'प्रजाजन') ठेवतात. तोही डेफाचाच, 1951 चा. कैसरच्या काळातल्या लाळघोट्या कारखानदारावरचा. त्याला पश्चिम जर्मनीत 1957 पर्यंत बंदी होती, आणि सुटला तोही कात्री लावून. (मला विचाराल तर दोन्ही सिनेमांत हाच सरस.) मग पश्चिम जर्मनीतल्या ओबरहाउझन शहरात निघालेल्या 1962 च्या जाहीरनाम्याकडे बघायची नजर बदलते. 26 तरुण सिनेमावाल्यांनी 'जुना सिनेमा मेला' म्हणून सही केली खरी, पण पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांनी सिनेमे केले ते सरकारी अनुदानावर आणि नंतर टीव्हीच्या पैशावर. हे कळायला राज्यशास्त्र लागतं, आणि तिथे तुमची बीए कामी येईल.

रोजचं कामकाज: सेमिनारमध्ये एक सादरीकरण, सत्र संपल्यावर पंधरा-वीस पानांचा निबंध, त्याला हाउसआर्बाइट म्हणतात. तास संपला की टाळ्यांऐवजी सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा दचकाल.

भाषेचं सांगते, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. इंग्रजीतून एमए मिळतं, पण बैठकांची इतिवृत्तं, सेन्सॉरची पत्रं, तेव्हाची परीक्षणं सगळी जर्मनमध्ये. जर्मन नसेल तर तुम्ही दुसऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षांवरच लिहीत बसाल. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनात निदान बी-2 पातळीपर्यंत जर्मन करून घ्या. पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं. तिथल्या खेळांना जात राहा.

पैशांचं: बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्राची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात) वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 मध्ये ती 11,904 युरो झाली, अर्ज करताना ताजा आकडा बघा. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्रही (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) लागतं, त्याला वेळ जातो, तेव्हा ते आधी मार्गी लावा.

नोकरीचं घरच्यांना खरं तेच सांगा: इंजिनिअरसारखी थेट नोकरी नाही. माझ्या ओळखीतले लोक चित्रपट महोत्सव, संग्रहालयं, पत्रकारिता, भाषांतर आणि अध्यापनात गेले. सुरुवातीचा पगार बेताचा, करार बहुतेक मुदतीचे. एवढं ऐकूनही जायचंच असेल, तर अर्जासोबतच्या पत्रात "मला लहानपणापासून सिनेमा आवडतो" हे वाक्य लिहू नका. एक सिनेमा आणि त्याच्याबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा.