बीपीची गोळी आणि अँटीऑक्सिडंटची बाटली

अँटीऑक्सिडंट कॅप्सूल (व्हिटॅमिन सी, ई, बीटा-कॅरोटीन वगैरे) सुरू केल्या की बीपीची गोळी सोडता येते, हा समज वाचकांच्या प्रश्नांतून पुन्हा पुन्हा येतो आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

घरच्या मशीनवर दर वेळी वेगळा आकडा येतो. मशीन बिघडलंय का? (लालबाग)

बहुतेक वेळा चूक मोजण्यात असते. जिने चढून आल्या आल्या मोजू नका. चहा-सिगारेटनंतर अर्धा तास थांबा, लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहा. आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री? (गिरगाव)

जी वेळ चुकत नाही ती. डॉक्टरांनी सांगितली असेल तर तीच.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे बीपी वाढतं म्हणे. कॅप्सूल विकणारे म्हणतात, मूळ कारणच जाईल. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी बंद करू का? (मुलुंड, वय ५८)

नाही. बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.

संशोधन खरं आहे, त्यावर थाटलेलं दुकान खोटं आहे. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्यानं वाहिनी सैलावते. या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारं संप्रेरक वाढलं की वाहिनीच्या भिंतीतलं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम जोरात सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचा आक्रमक रेणू, बनवू लागतं. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला जागीच संपवतं आणि वाहिनी आवळलेली राहते. ही क्रिया इतकी झटपट होते की गोळीतून आलेलं व्हिटॅमिन सी मध्ये पडेपर्यंत काम आटोपलेलं असतं.

हे माणसांवर तपासूनही झालं आहे. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत (२००२) वीस हजारांहून अधिक जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, काहीही कमी झालं नाही.

आणि टेल्मिसार्टन काय करते? अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवते, म्हणजे सुपरऑक्साइड बनायच्या आधीच. मूळ कारणावरचं औषध तुमच्या घरात आहे, तेच तुम्ही सोडायला निघालात!

पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत सोडियम असतं, हेही विक्रेता सांगत नाही. सोसायटीच्या शिबिरात तळहातावर उजेड टाकून मिळणारा ‘स्कोअर’ त्वचेतल्या कॅरोटिनॉइडचा, म्हणजे भाजी-फळांतून आलेल्या रंगद्रव्याचा असतो. रक्तवाहिनीची अवस्था त्यातून कळत नाही. पैसे भाजी-फळांवर घाला.

कमी सोडियमचं मीठ चालेल का? (विक्रोळी)

विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या पोटॅशियम शरीरात रोखतात. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम तपासून रिपोर्ट दाखवा. साधं मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरा.

मुलीला याच विषयात संशोधन करायचंय. डॉक्टर व्हावं लागेल? (दादर)

नाही. बायोकेमिस्ट्री किंवा फार्माकॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडी. गाइड निवडण्याआधी त्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी बोलायला सांगा.