आमच्या घराजवळ नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार राहतो असे सरकारी संकेतस्थळावर दिसले. ही माहिती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकावी का?

तुम्ही लिहिले आहे की तीन महिन्यांपूर्वी तुम्ही अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहायला आलात, एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचे नाव टाकून पाहिले आणि तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या शाळेच्या वाटेवरच एका माणसाचा फोटो व पत्ता निघाला. त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही, हे मी समजू शकते. मी याच राज्यात एकोणीस वर्षे राहते, येथेच दोन मुलांना वाढवले आणि त्यांपैकी बरीच वर्षे रविवारच्या मराठी शाळेत शिकवले. ती यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा माझेही हात थरथरले होते. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देते: ती नोंद तुम्ही नीट वाचा, घरातल्या मोठ्या माणसांना दाखवा, पण गटात टाकू नका.

ही यादी कशी जन्माला आली हे माहीत असले की ती कशासाठी आहे हेही कळते. २९ जुलै १९९४ रोजी न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन गावात मेगन कांका नावाच्या सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने कुत्र्याचे पिल्लू दाखवतो असे सांगून घरात नेले, तिच्यावर अत्याचार केला आणि तिला मारून टाकले. त्या माणसाला आधी दोनदा अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती आणि मेगनच्या आईवडिलांना त्याची काहीही कल्पना नव्हती. आम्हाला माहीत असते तर आमची मुलगी आज जिवंत असती, हे त्यांचे म्हणणे लोकांच्या काळजाला भिडले आणि जेमतेम तीन महिन्यांत, ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी, अशा गुन्हेगारांची माहिती लोकांना देणारा राज्याचा कायदा झाला. तोच मेगनचा कायदा. १९९६ साली केंद्रीय कायद्याने सर्वच राज्यांना अशी माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे बंधनकारक केले. तो गुन्हेगार जेथे राहत होता ते घर पाडून त्या जागी मेगनच्या नावाने एक छोटी बाग केलेली आहे. मुले लहान असताना मी एकदा तेथे गेले होते आणि बाकावर बसून समोरच्या रस्त्याची रुंदी पाहत राहिले. आपल्या वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांमध्ये असावे तेवढेच ते अंतर आहे.

आता यादीत काय असते आणि काय नसते ते पाहा, कारण बहुतेक गैरसमज येथेच होतात. न्यू जर्सीत प्रत्येक नोंदणीकृत व्यक्तीची पुन्हा गुन्हा करण्याच्या शक्यतेनुसार तीन श्रेणींत वर्गवारी होते. सरकारी वकिलाचे कार्यालय ती ठरवते आणि त्या व्यक्तीला न्यायालयात हरकत घेता येते. पहिल्या, म्हणजे कमी धोक्याच्या श्रेणीतल्यांची माहिती फक्त पोलिसांकडे राहते आणि ती सहसा संकेतस्थळावर येत नाही. दुसऱ्या श्रेणीतल्यांची माहिती शाळांना आणि मुलांची किंवा स्त्रियांची देखभाल करणाऱ्या, पोलिसांकडे नाव नोंदवलेल्या संस्थांना कळवली जाते. तिसऱ्या श्रेणीतला माणूस राहायला आला, तर पोलीस त्या परिसरात घरोघरी जाऊन सांगतात. संकेतस्थळावर तिसऱ्या श्रेणीतले आणि दुसऱ्या श्रेणीतले बरेचसे लोक दिसतात; परंतु गुन्हा स्वतःच्या कुटुंबातल्या मुलावर झाला असेल किंवा गुन्हेगार त्यावेळी अल्पवयीन असेल, तर अशा दुसऱ्या श्रेणीतल्या अनेक नोंदी वगळल्या जातात. म्हणजे तुमच्या गावाच्या पानावर दोनच चेहरे दिसले, तर गावात दोनच माणसे आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २०२१ पासून दहा वर्षे, वीस वर्षे आणि आजन्म अशा तीन मुदतींची पद्धत आहे, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणीचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. सगळ्या राज्यांत एकाच वेळी शोधायचे असेल तर केंद्र सरकारचे एक संकेतस्थळ आहे. २००३ साली नॉर्थ डकोटात पळवून नेऊन मारल्या गेलेल्या ड्रू शोडीन या विद्यार्थिनीचे नाव त्याला दिलेले आहे. ते स्वतः माहिती साठवत नाही, प्रत्येक राज्याच्या यादीत एकदम शोधून दाखवते.

मी गटात टाकू नका असे का म्हणते, त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या अपार्टमेंट संकुलात भाड्याने राहत होतो. एका रात्री गटात कोणीतरी यादीच्या पानाचा फोटो टाकला आणि खाली इमारतीचा व दाराचा क्रमांक लिहून 'सावध राहा' एवढेच लिहिले. पुढच्या तासाभरात तो फोटो आणखी चार गटांत गेला. प्रत्यक्षात तो माणूस तेथून निघून गेला होता आणि संकेतस्थळावरचा पत्ता अजून बदलायचा होता. त्या दारात आता साताऱ्याकडचे एक नवे कुटुंब आले होते, नवरा-बायको आणि एक तान्हे बाळ. महिन्याभराने तळघरातल्या धुलाईच्या खोलीत त्या बाळाची आई मला भेटली. यंत्रातून काढलेली ओली चादर हातात धरून ती विचारत होती की आमचे काही चुकले का, कारण खाली बागेत मी बाळाला घेऊन गेले की बायका आपापल्या मुलांना उचलून निघून जातात. मी तिला खरे कारण सांगितले तेव्हा तिने चादर परत यंत्रात टाकली आणि तेथेच बसून राहिली. तो फोटो पुढे पाठवणाऱ्यांमध्ये मीही होते, हे मी तिला त्याच दिवशी सांगितले आणि तिची माफी मागितली. त्या गटात चूक झाली असे लिहायला मात्र आठवडा लागला आणि तोवर ते कुटुंब दुसरे घर शोधू लागले होते.

याहून भयंकर गोष्ट एप्रिल २००६ मध्ये मेन राज्यात घडली. एका तरुणाने यादीतले पत्ते काढून दोन माणसांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. मारल्या गेलेल्यांपैकी एक चोवीस वर्षांचा मुलगा होता आणि त्याचा गुन्हा हा होता की तो एकोणीस वर्षांचा असताना त्याचे सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रेयसीशी संबंध होते. म्हणूनच नोंद उघडल्यावर फोटो पाहून थांबू नका. कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली, केव्हा झाली, गुन्हा कोणावर व कशा पद्धतीने झाला, हे वाचा. लहान मुलांना ओळख वाढवून फसवणारा माणूस आणि पंचवीस वर्षांपूर्वी प्रौढ स्त्रीवर हल्ला केलेला माणूस यांच्यापासून सावध राहण्याच्या रीती वेगळ्या आहेत. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: या माहितीचा आधार घेऊन कोणाला धमकावणे, त्रास देणे, मालमत्तेचे नुकसान करणे हा येथे गुन्हा आहे, आणि ज्यांना खरोखर धोका आहे त्यांच्या संरक्षणाचा अपवाद सोडला तर घर, विमा, कर्ज नाकारण्यासाठी ती वापरता येत नाही. त्या घराचे दार वाजवू नका, दिव्याच्या खांबांवर कागद चिकटवू नका. त्या माणसाला शाळेच्या कुंपणापाशी वारंवार उभा असलेला पाहिलात किंवा नोंदीतल्या पत्त्यावर तो राहत नाही अशी सबळ शंका आली, तर गावच्या पोलीस ठाण्याच्या साध्या क्रमांकावर फोन करा, आणि तातडीचा धोका असेल तर ९११ आहेच.

तुमच्या घरात आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर सर्वांत आधी त्यांना सांगा. आपल्याकडे दुपारी शाळेच्या बसथांब्यावर तेच उभे असतात, बागेत तेच नेतात आणि इंग्रजी पान त्यांनी स्वतःहून उघडण्याची शक्यता नसते. माझ्या सासूबाईंना मी फोटो दाखवून एवढेच सांगितले होते की या माणसाने हाक मारली तर थांबायचे नाही, आणि नातीला एकटीला कोपऱ्यापर्यंतसुद्धा सोडायचे नाही. त्या घाबरल्या नाहीत. उलट थांब्यावरच्या इतर आज्यांची वेळापत्रके त्यांनी जुळवून घेतली. मुलीला मात्र फोटो दाखवू नये असे मला वाटते. एक चेहरा वाईट म्हणून मनात बसला की बाकीचे सारे चेहरे चांगले वाटू लागतात, आणि खरा धोका त्या बाकीच्या चेहऱ्यांमध्येच जास्त असतो.

हे मी मनचे सांगत नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांत लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांवर तो कुटुंबातल्या व्यक्तीने केला होता, ५९ टक्के मुलांवर ओळखीच्या व्यक्तीने आणि केवळ ७ टक्के मुलांवर अनोळखी व्यक्तीने. खुद्द न्यू जर्सीच्या तुरुंग विभागातल्या संशोधकांनी २००८ साली मेगनच्या कायद्याचा परिणाम तपासला, तेव्हा सुटलेल्या गुन्हेगारांनी पुन्हा लैंगिक गुन्हे करण्याचे प्रमाण त्यामुळे घटल्याचे त्यांना आढळले नाही. तरीही माझ्या मते यादी निरुपयोगी ठरत नाही. कांका कुटुंबाने मागितलेला माहितीचा हक्क मला आजही रास्त वाटतो. पण ज्याला एकदाही शिक्षा झालेली नाही, ज्याच्याविरुद्ध कोणी बोललेच नाही, असा माणूस कोणत्याही यादीत सापडणार नाही, आणि तो बहुधा आपल्या घरी चहा पिऊन गेलेला असतो.

आपल्या समाजात या गोष्टीला एक वेगळी धार आहे. परदेशात नातेवाईक नसतात म्हणून आपण ओळखीच्या प्रत्येक माणसाला काका, मामा, आजोबा करून टाकतो, आणि मूल कचरले की 'काकांना पापा दे', 'लाजतेस काय, मांडीवर बस' असे चारचौघांत सांगतो. त्या क्षणी आपण मुलीला शिकवतो की तिच्या शरीराला जे नको वाटते त्यापेक्षा मोठ्यांचा मान महत्त्वाचा आहे. मी माझ्या मुलांना दुरून नमस्कार करायची मुभा दिली आणि कोणी रागावले तर उत्तर मी दिले. शरीराच्या सगळ्या भागांची खरी नावे त्यांना मराठीत शिकवली, कारण नाव माहीत नसलेल्या जागेबद्दल मूल तक्रार करू शकत नाही. वाढदिवसाची गंमत चार दिवस लपवायची असते, पण कोणी मोठा माणूस 'आईला सांगू नकोस' म्हणाला की ते त्याच दिवशी आईला सांगायचे, हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही कळतो.

आमच्या मराठी शाळेत आम्ही काही नियम केले तेव्हा वाद झाला होता. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा शिक्षक बसणार नाही, वर्गाच्या दाराची काच झाकायची नाही, स्वच्छतागृहाकडे मुले दोघा-दोघांनी जातील आणि आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही मुलाला आपल्या गाडीतून घरी सोडणार नाही, असे ते नियम होते. मुलांना वर्षानुवर्षे प्रेमाने घरी सोडणारे एक ज्येष्ठ शिक्षक फार दुखावले. हा आपल्यावर संशय आहे असे त्यांना वाटले. आमच्यापैकी एकीने त्यांना सांगितले की तुम्ही नियम पाळलात तरच नियम न पाळणारा उठून दिसेल. पुढच्या रविवारी फाटकापाशी उभे राहून प्रत्येक मूल कोणाबरोबर जाते ते वहीत लिहायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. तुमची मुलगी नृत्याला, पोहायला, शिकवणीला जात असेल तर तेथे असे नियम आहेत का, हे विचारा. हा प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या ठिकाणी मी माझे मूल ठेवले नसते.

आणखी एक लक्षात ठेवा. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार होत असल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल, तर ते कळवणे हे केवळ शिक्षकांचे किंवा डॉक्टरांचे नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्यासाठी १-८७७-६५२-२८७३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पुरावा तुम्ही गोळा करायचा नसतो.

शेवटी तुम्ही विचारले होते की भारतात अशी यादी पाहता येते का. २० सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची आहे आणि सुरुवातीलाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या, पण ती पोलीस व तपास यंत्रणांपुरती आहे, नागरिकांना खुली नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे तेथेही शिक्षेस पात्र आहे आणि मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. त्यामुळे पुण्याला किंवा गावी सुट्टीला जाल तेव्हा यादीचा आधार नसेल. लग्नघरात पन्नास पाहुणे असतील, तेव्हा मुलगी रात्री कोणत्या खोलीत, कोणाशेजारी झोपणार आहे, हे तुम्ही दोघांनी घरून निघण्यापूर्वीच ठरवून घ्या आणि यजमानांना तसे आधीच कळवा.