पार्सलची वाट पाहत असतानाच तो ईमेल कसा आला?

तुम्ही लिहिले आहे की दुपारी एक वस्तू ऑनलाइन मागवली आणि संध्याकाळीच ‘तुमचे पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे, थोडे शुल्क भरा’ असा ईमेल आला. दुकानातून माहिती फुटली, फोन आपले बोलणे ऐकतो, की कोणी मेलबॉक्समध्ये शिरले आहे, असे तुम्ही विचारता. मी बरीच वर्षे ईमेल सर्व्हरची देखभाल करतो आणि हा प्रश्न मला अनेकांनी, बहुतेक वेळा घाबऱ्या आवाजात, विचारला आहे. केवळ वेळ जुळली म्हणून काहीही सिद्ध होत नाही. त्या ईमेलला तुमच्याविषयी नेमके काय ठाऊक आहे, ते पाहावे लागते.

असा ईमेल पाठवणारा तो एकट्या तुम्हाला पाठवत नाही. समजा, त्याने तोच मजकूर १० लाख पत्त्यांवर पाठवला आणि त्या दिवशी वीस जणांमागे एक जण कसल्या ना कसल्या पार्सलची वाट पाहत असला, तर ५० हजार लोकांना तो ईमेल अगदी नेमका आल्यासारखा वाटेल. उरलेले साडेनऊ लाख लोक तो न वाचताच पुसून टाकतील आणि त्याविषयी कोणाजवळ बोलणारही नाहीत. एका कार्यालयातल्या एका बाईंना नवे बँक खाते उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच बँकेच्या नावाने बनावट ईमेल आला आणि बँकेतूनच माहिती गेली अशी त्यांची खात्री झाली. मी सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या, तेव्हा तोच ईमेल त्याच मिनिटाला तिथल्या जवळजवळ प्रत्येक मेलबॉक्समध्ये पडलेला दिसला. ज्यांचे त्या बँकेत खातेच नव्हते, त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. तुम्हीही स्पॅमच्या फोल्डरमध्ये मागे जाऊन पाहा. पार्सल अडकल्याचे ईमेल तिथे आधीपासून येत असण्याचा बराच संभव आहे. तेव्हा कशाची वाट पाहत नव्हता, म्हणून ते नजरेत भरले नाहीत.

फोन ऐकत असल्याच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. कोणाचे पार्सल यायचे आहे हे कळावे म्हणून लाखो लोकांचे बोलणे ऐकत बसण्यापेक्षा सर्वांनाच तो ईमेल पाठवणे कितीतरी स्वस्त पडते. शिवाय हे लोक हंगाम पाहून मजकूर बदलतात. कर भरण्याची मुदत जवळ आली की परताव्याचे ईमेल येतात, सणासुदीच्या खरेदीच्या दिवसांत पार्सलचे. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या नावाखाली पाठवलेले १ कोटी ८० लाख घातक ईमेल आपण रोज अडवत आहोत, असे गूगलने सांगितले होते. ज्या गोष्टीची धास्ती सगळ्या जगाला एकाच वेळी वाटते, तिच्याविषयीचे पत्र प्रत्येकाला आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटणार.

मात्र प्रत्येक वेळी हा योगायोगच असतो, असे मी मुळीच म्हणणार नाही. ईमेलमध्ये तुमचे नाव, तुम्ही ज्याचे ग्राहक आहात त्या दुकानाचे नाव किंवा जुना पासवर्ड असेल, तर ती माहिती कुठून तरी गेलेली असते, आणि बहुधा पुष्कळ आधी. याहूच्या २०१३ मधल्या चोरीत तब्बल ३ अब्ज खात्यांची माहिती गेली, आणि हा पूर्ण आकडा २०१७ मध्ये जाहीर झाला. २०१८ मध्ये अनेकांना, त्यांचाच जुना पासवर्ड लिहिलेले, ‘तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचे चित्रण केले आहे’ अशा धमकीचे ईमेल आले. वाचणाऱ्याला वाटे की हा माणूस या क्षणी माझ्या संगणकात आहे. प्रत्यक्षात पाठवणाऱ्याजवळ जुन्या चोऱ्यांतली यादी होती, चित्रण नव्हते. कधी दुकानाऐवजी त्याच्या वतीने ईमेल पाठवणाऱ्या कंपनीत चोरी होते. २०११ मध्ये एप्सिलॉन नावाच्या अशाच कंपनीतून अनेक बँका आणि दुकाने यांच्या ग्राहकांची नावे आणि ईमेल पत्ते गेले. नुसता पत्ता गेला तर नुकसान थोडे असते, पण कोण कोणाचा ग्राहक आहे हे कळले की बनावट पत्र खऱ्यासारखे लिहिता येते. क्रिप्टो चलन सुरक्षित ठेवण्याची उपकरणे विकणाऱ्या लेजर या कंपनीच्या ग्राहकांचे तर घरचे पत्तेही २०२० मध्ये उघड झाले आणि पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणे पोहोचली.

वेळ खरोखर साधलेली असते, पण माहिती कोणीही फोडलेली नसते, असाही एक प्रकार आहे. पेटंटचे किंवा ट्रेडमार्कचे अर्ज नियमानुसार प्रसिद्ध होतात. ते वाचून अर्जदाराला सरकारी वाटेल असे शुल्काचे बिल पाठवणारे लोक आहेत, आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटना त्यांच्याविषयी सावधगिरीच्या सूचना देत असते.

मला खरी काळजी वाटते ती ज्या ईमेलला तुमचा चालू व्यवहार ठाऊक असतो, त्याची. चोर तुमच्या किंवा समोरच्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये शिरून काहीही न करता आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत राहतो, प्रत्येक ईमेलची प्रत स्वतःकडे जावी असा नियम गुपचूप लावून ठेवतो, आणि पैसे द्यायची वेळ आली की त्याच संभाषणात ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असे उत्तर घालतो. नाव, विषय, रक्कम, आधीचा सगळा मजकूर खरा असतो. खोटा असतो तो फक्त खाते क्रमांक. एमोटेट या घातक प्रोग्रॅमने तर चोरलेल्या संभाषणांना यंत्रानेच उत्तरे पाठवण्याची सोय केली होती. व्यावसायिक ईमेलच्या अशा फसवणुकीत २०२३ या एका वर्षात सुमारे २.९ अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे नोंदल्या गेल्या. त्यामुळे खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर ते कितीही ओळखीचे वाटो, आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नका.

आता तुमच्या ईमेलकडे वळू. तुम्ही उतरवून दिलेल्या मजकुरात ‘प्रिय ग्राहक’ आहे; दुकानाचे नाव, वस्तू, ऑर्डरचा क्रमांक, रक्कम यांपैकी काहीच नाही. हा सर्वांना पाठवलेला ईमेल आहे आणि तुमच्या खरेदीशी त्याचा संबंध नाही, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. लिंक उघडू नका. पार्सल कुठे आहे ते दुकानाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहा. संगणक सुरक्षेचे तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर तुमचा ईमेल पत्ता टाकलात, तर तो कोणकोणत्या ज्ञात चोऱ्यांत सापडला आहे ते कळेल. जीमेल वापरत असाल तर पत्त्यात ‘ॲट’च्या आधी अधिकचे चिन्ह आणि दुकानाचे नाव घालून प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता देता येतो. पुढे त्या पत्त्यावर बनावट ईमेल आला, तर माहिती कुठून गेली हे बऱ्याचदा त्यावरूनच समजते.

पुढे कधी ऑर्डरचा खरा क्रमांक असलेला संशयास्पद ईमेल आला, तर तो दुकानाला जरूर कळवा. आणि तुमच्याच एखाद्या जुन्या संभाषणात अनोळखी उत्तर आले, तर वेळ न दवडता दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट व्हा, द्विस्तरीय पडताळणी सुरू करा आणि मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा, म्हणजे ईमेल दुसरीकडे पाठवण्याचा, तुम्ही न लावलेला एखादा नियम दिसतो का, ते पाहा. नुसता पासवर्ड बदलून तो नियम जात नाही.